तीच वायर

गल्लीत चर खणून एका नव्या इंटरनेट कंपनीनं फायबरची नारिंगी नळी टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या जुन्या इंटरनेट कंपनीचा माणूस न बोलावता दारात हजर! तक्रार केली की "तुमच्या एरियात एवढाच स्पीड मिळतो" असं वर्षानुवर्षं ऐकवणारा हाच.

"काका, आजपासून तुमचा स्पीड दुप्पट!"

"वायर बदलायला कधी येताय?"

"वायर तीच हो. ऑफिसातूनच वाढवला."

खिडकीतून आत आलेल्या त्या काळ्या वायरीकडे मी बघत राहिलो. परदेशातल्या नातीचं बारसं आम्ही हिच्याच भरवशावर पाहिलं. आत्या पाळण्यावर वाकली आणि नेमकं 'कुर्र' म्हणताना चित्र गोठलं. बायको पडद्याला हात लावून बसून राहिली. म्हणजे वेग तेव्हाही होता. फक्त तो द्यायची गरज वाटत नव्हती. माणसंही अशीच हातचं राखून वागतात, आणि दुसरं कुणी दाराशी आलं की त्यांचं प्रेम उतू जातं.

त्याला चहा दिला. दारी आलेल्याला आम्ही तसंच पाठवत नाही. त्यानं कप खाली ठेवल्यावर म्हणालो, "आता ही वायर काढून न्या."

"पण काका, आता स्पीड वाढलाय ना!"

"बारसं होऊन गेलं."