सरळ हँडल

रुद्रप्पा सायकलवर बसला की घोड्यावरच्या नवरदेवासारखा दिसे. जुनी काळी सायकल, तिचं हँडल मागं वळलेलं, मुठी थेट पोटापाशी येणाऱ्या. पाठ ताठ, मान मोकळी. बाळीवेशीतून चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात जाताना तो निम्म्या सोलापूरला हात वर करायचा.

हायवेवर समोरून वारा यायचा, तेवढाच काय तो जाच. ताठ बसलेल्याची छाती वाऱ्याला उघड्या दारासारखी सापडते. साठीला टेकलेल्या रुद्रप्पाला धाप लागू लागली, तेव्हा गुंडा नावाच्या सायकलवाल्यानं सरळ दांड्याचं, खाली बसणारं हँडल लावून दिलं. वाकून चालवायचं, वारा पाठीवरून निघून जातो, म्हणाला. आणि खरंच गेला.

रुद्रप्पा पोरासारखा हरखला. मनगटं बधिर होत, मान आखडे, पुढचं चाक आणि डांबर सोडून काही दिसेना. ज्यांना हात केला नाही ती माणसं 'शिष्ट झाला' म्हणू लागली. पण हौसेला मोल नसतं. त्याची बायको काशम्मा हिनं मात्र टोकलं होतं, की वाकल्यावर गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याबाहेर लोंबतंय, दोरा झिजलाय, तो बदला. बदलतो, म्हणाला. नवऱ्याचं 'बदलतो' म्हणजे काय, ते बायकांना सांगायला नको.

त्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी काढून तो कारखान्यातल्या बाकावर बसला. जेवणाआधी लिंगाला हात लावायचा, म्हणून नेहमीप्रमाणे हात छातीवर नेला. हाताला नुसता सदरा लागला. दोरा नाही, लिंग नाही, लिंगाची चांदीची डबीही नाही.

लहानपणी गुरूंनी दीक्षेत बांधलेलं लिंग, कधी अंगावेगळं न झालेलं. ते अंगावर नसेल तर अन्न नाही, पाणी नाही, हे आईनं दुधाबरोबर पाजलेलं. पिशवीत हात न घालताच त्यानं ती परत हँडलला अडकवली. काशम्माला फोन करून लिंग हरवल्याचं आणि जेवणार नसल्याचं सांगितलं. ती फक्त 'बरं' म्हणाली.

मग भर उन्हात, सायकल हातात धरून, तो आल्या वाटेनं पायी निघाला. गतिरोधक पाहिले, रस्त्याकडेची धूळ पायानं चाळली, टपरीवाल्यांना, पंक्चरवाल्यांना विचारलं. कुणाला काही सापडलं नव्हतं. घसा कोरडा ठणठणीत पडला, तरी कुणी पुढं केलेलं पाणी त्यानं घेतलं नाही. डोक्यात एकच घोळत होतं, आपण जिवंत आहोत आणि लिंग नाही, हे होऊच कसं शकतं?

संध्याकाळी सायकल दारात उभी केली, तर काशम्मा चौकटीला टेकून बसलेली. कपाळावर घाम, ओठ पांढरे, हात लटलट कापत होते. आत चुलीपाशी ताट झाकलेलं तसंच होतं.

"जेवली न्हाईस?"

"तुमी उपाशी. मी कशी जेवू?"

"साखरेच्या आजाराची गोळी घेतलीस की सकाळी."

"घेतली की," ती म्हणाली, आणि तिची मान एका बाजूला कलली.

दिवसभर रुद्रप्पा एकट्याचाच उपास धरून चालला होता. ही गोळी खाऊन रिकाम्या पोटी बसली असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. आईचं शिकवणं, गुरू, सगळं त्यानं क्षणात बाजूला सारलं.

"लिंग गेलं तर जाऊ दे. मी जेवतो, तू जेव," म्हणत त्यानं हँडलची पिशवी ओढली आणि डब्यासाठी आत हात घातला. बोटांना गार चांदी लागली. डब्याच्या झाकणावर, तुटक्या दोऱ्यासकट, लिंगाची डबी पडलेली होती.

पण काशम्माचे डोळे मिटत चालले होते. त्यानं आधी डबा उघडला, त्यातला गुळाचा खडा तिच्या तोंडात घातला, मग पाणी पाजलं, भाकरीचे घास भरवले. तिच्या अंगाचं कापणं थांबल्यावर त्यानं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं.

तिनं ते डोळ्यांना लावलं. मग सायकलीकडं पाहिलं. वाकलेल्या छातीच्या बरोबर खाली, हँडलला, उघड्या तोंडाची पिशवी अडकवायची जागा होती.

"दुपारी डबा उघडला असतासा तर?" एवढंच तिनं विचारलं.

रुद्रप्पानं तुटका दोरा लिंगावरून सोडवला आणि नवा दोरा आणायला आत गेला.