मागच्या रांगेतले चेहरे

चहाचं आधण चुलीवर चढलं की भुजंग पायरीवर येऊन बसायचा. मांडीवर कॅमेरा, हातात रबरी फुंकणी. आधी तो बटणांच्या फटींतली हळद फुंकून काढायचा. त्याच्या गावी, कुरुंद्यात, हंगाम सरला तरी हळदीची पूड वाऱ्यावर राहतेच, आणि लग्नातल्या बायका फोटोवाल्यालाही माखल्याशिवाय सोडत नाहीत. कॅमेऱ्याच्या खाचांत ही दोन्हीकडची पिवळाई साचलेली असे. मग तो समोरच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांचा एक फोटो काढायचा आणि पडद्यावर एकेक चेहरा मोठा करत जायचा. डोळे, नाक, सुरकुत्या, आणि शेवटी नुसते चौकोन. चौकोन आले की तो फोटो पुसून टाकायचा आणि आत जायचा.

"काय गावलं?" त्याची बायको रुपा विचारायची.

"काही न्हाई."

ही सवय त्याला भिकाबाई गेली तेव्हापासून लागली होती.

भिकाबाईचा लेक दगडोबा मेंढरं राखतो. आई गेली तेव्हा त्याचा कळप सिद्धेश्वर धरणाच्या काठाला बसला होता. तेराव्याच्या आधी तो भुजंगच्या दुकानात आला. काठी दाराशी टेकवली आणि उभाच राहिला.

"मायचा फोटो पायजे. भिंतीवर लावायला."

"एखादा जुना आणलास का?"

"जुना असता तर तुह्याकडं काहून आलो असतो? आधार कार्डावर हाय एक. पर त्यात माय चोरी करताना धरल्यावानी दिसून राहिली." मग जरा थांबून तो म्हणाला, "आमच्या खेमाच्या लग्नात व्हती की ती. फोटो तूच काढले व्हते."

खेमा त्याचा पुतण्या. भुजंगने संगणकावर ते लग्न उघडलं. जेवणाच्या पंगती, रुसलेला मामा, नवरीच्या मैत्रिणी. भिकाबाई सापडली ती नवरदेवाच्या खांद्यामागे, मांडवाच्या खांबाला धरून उभी. भुजंगने तेवढाच भाग कापून मोठा केला. चेहरा होता, पण ओल्या बोटाने पुसल्यासारखा. त्याने रंग उजळले, कडा ठळक करून पाहिल्या आणि फोटो छापून दिला.

दगडोबाने तो हात लांब करून पाहिला, मग डोळ्यांजवळ नेला.

"फुली कुठाय नाकातली?"

"ही काय."

"ही व्हय?" त्याने फोटो दाराच्या उजेडाकडे धरला. "असंल. मायच असंल."

फोटो टॉवेलात गुंडाळून तो निघून गेला. भुजंगने पैसे घेतले नाहीत. दगडोबानेही किती झाले ते विचारलं नाही.

तो 'असंल' भुजंगच्या मनातून जाईना. तरुणपणी रिळाच्या कॅमेऱ्यावर त्याने धंदा सुरू केला होता. पुढे फुल फ्रेम कॅमेरा घेतला, म्हणजे ज्याच्या आतला चित्र टिपणारा पडदा जुन्या रिळातल्या एका चौकटीएवढा मोठा असतो तो. तेव्हा माणसं नुसता तो बघायला दुकानात यायची. आता त्या कॅमेऱ्याच्या कडेचं रबर निघालं होतं, ते त्याने फेव्हिक्विकने चिकटवलं होतं. हिंगोलीहून पोरं ड्रोन घेऊन यायची, नवरा-नवरीला शेताच्या बांधावर पळवायची आणि वऱ्हाड जेवायला बसेपर्यंत रील मोबाइलवर पोचलेली असायची. भुजंगला त्यांचा राग नव्हता. लग्नं कमी होत चालली होती, हे मात्र त्याला दिसत होतं. नवा कॅमेरा आला तर थोडी लग्नं परत येतील, आणि पुन्हा कुण्या लेकाला 'असंल' म्हणावं लागणार नाही, असं त्याला वाटायला लागलं.

यंदा त्यांच्या शेतातल्या हळदीला भाव बरा आला होता. त्या पैशावर रुपाचीही नजर होती. तिला समोरच्या खोलीत, जिथे भुजंगचं दुकान होतं, पिठाची गिरणी टाकायची होती.

"लग्नं चार म्हैने, भाकर बारा म्हैने," ती म्हणायची. "अन् गिरणीवर कुणी म्हणत न्हाई, काका, मागचं धूसर करा."

"तुला त्यातलं काय कळतंय?"

"पिठातलं कळतंय ना."

वसमतला शाकीरचं मिक्सिंगचं दुकान आहे. जिल्ह्यातल्या निम्म्या लग्नांच्या शूटिंगला गाणी तिथेच लागतात. त्याच्याकडे नव्या पिढीचा एक फुल फ्रेम कॅमेरा विकायला आला होता, फार न वापरलेला. भुजंगने तो हातात घेतला. वजनाला हलका, बटणं घट्ट, खाचा स्वच्छ.

"आंख पकडता है, भुजंगभाई," शाकीर म्हणाला, म्हणजे कॅमेरा समोरच्याच्या डोळ्यावर आपोआप नेम धरतो. "एक बार पकडा तो छोडताच नहीं. सास जैसा बहू को पकडती वैसा. ले जाव, दो-चार शादियां मारो. मन बैठा तो बोलो."

भुजंगची जुनी लेन्स त्याच्यावर बसत होती. पहिलं लग्न संध्याकाळचं होतं. घरी आल्यावर भुजंगने फोटो संगणकावर टाकले आणि रुपाला हाक मारली. नवरीच्या पापणीचे केस मोजता येत होते.

"बघ."

"चांगला हाय," रुपा म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे.

मग त्याने सवयीने मागची रांग मोठी केली. तिथे चेहरे नव्हतेच. मऊ, गोल, रंगीत ठिपके होते. त्याने खेमाच्या लग्नाचे फोटो शेजारी उघडले. तिथेही तेच ठिपके, जरा मळकट.

लेन्सचं भोक मोठं उघडलं की उजेड भरपूर येतो, आणि ज्याच्यावर नेम धरला तो एक चेहरा धारदार राहतो. मागचं सगळं दुधात साखर विरावी तसं विरून जातं. गिऱ्हाइकांना हेच आवडे. पिक्चरसारखं दिसतं म्हणत. म्हणून भुजंगने ते भोक वर्षानुवर्षं तसंच उघडं ठेवलं होतं. भिकाबाईला कॅमेऱ्याने पुसलं नव्हतं, भुजंगच्या या सवयीने पुसलं होतं. नवा आणला असता तरी त्याने तिला आणखी सुंदर करून पुसलं असतं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या लग्नात त्याने मांडवाच्या पिवळट दिव्यांखाली लेन्सचं भोक बारीक करून पाहिलं, आधी जुन्या कॅमेऱ्यावर, मग नव्यावर. एवढ्या थोड्या उजेडात जुन्याच्या फोटोवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. नव्यावर मात्र शेवटची रांग स्वच्छ उमटली. एक म्हातारी शेजारणीच्या केसांतून अक्षता वेचत होती, आणि तिच्या बोटावरचं गोंदण वाचता येत होतं. कॅमेरा पैशाच्या लायकीचा नाही, असं त्याला आता म्हणता येईना.

त्याने रुपाला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हंजे मागं उभी असलेली म्हातारी दिसावी म्हणून सगळी हळद घालायची?"

"व्हय. दिसती ना पण."

"तिला हाताला धरून पुढं आणा की. दिवसा, उजेडात. उजेड तर फुकट हाय."

"फोटोवाला मी हाय का तू?"

रुपाने सूप उचललं आणि ती आत गेली. तो दिवस दोघंही कामापुरतंच बोलली. भुजंगला तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं, त्याची खरी तकलीफ तीच होती. लग्नात म्हातारीला पुढे कोण बोलावतं? फोटोवाल्याला सांगायला कुणी असतं: आता नवरीकडचे, आता मामा, आता साहेब. मागच्या रांगेला कुणी हाक मारत नाही. त्यानेही कधी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवा कॅमेरा पुसला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं. पारावरच्या म्हाताऱ्यांचा त्याने फोटो काढला नाही.

"गिरणीवाल्याला फोन लाव," तो रुपाला म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. "रागानं म्हणून राहिलेत का?"

"न्हाई." मग म्हणाला, "थोडं रागानं."

शाकीरने कॅमेरा परत घेतला, चहा पाजला. "मन नहीं बैठा?" भुजंग म्हणाला, "मन बराबर बसलं. म्हणून तर लवकर घेऊन आलो." कुरुंद्याच्या गाडीत रिकामी पिशवी त्याने मांडीवरच धरून ठेवली, आत काही असल्यासारखी.

गिरणी आली. समोरच्या खोलीत फोटोसाठी लावलेला निळा पडदा निघाला, मागच्या पडवीत गेला. आता सकाळी कॅमेऱ्यातून हळदीबरोबर पीठही निघे. त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका घराने, ज्याच्या दोन पिढ्यांची लग्नं भुजंगने टिपली होती, हिंगोलीच्या पोरांना बोलावलं. लग्नाच्या दिवशी त्यांच्या मांडवावरून ड्रोन फिरत राहिला. भुजंग त्याच वेळी गिरणीचा पट्टा ताणून बसवत होता. त्याने वर बघितलं नाही. आपण चुकलो का, हे त्याने रुपाला विचारलं नाही, आणि तिनेही विषय काढला नाही.

मग पुसेगावहून एक काम आलं. लग्नाची हळद सकाळची होती. भुजंग लवकर पोचला, मांडवाच्या कडेला जिथे ऊन कनातीतून गाळून येत होतं तिथे त्याने एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि लेन्सचं भोक बारीक केलं. नवरीची आजी, सुभद्राबाई, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी लसूण सोलत बसली होती.

"मावशी, जरा हिकडं येता का?"

"मी कशाला? नवरी तिकडं हाय."

"तिचे काढतोच हाय."

नवरीचा भाऊ हसला. "काका, म्हाताऱ्यायचे काहून काढून राहिले? पैसे आमी नवरीच्या फोटोचे देऊन राहिलो."

"याचे घेणार न्हाई."

सुभद्राबाई उठली. गुडघ्यावर हात देत खुर्चीपर्यंत आली, बसली, पदर नीट केला. मग मांडवात एकटीच मांडलेली ती खुर्ची आणि समोर एकट्या तिच्यावर धरलेला कॅमेरा तिने पाहिला. असा एकट्याचा फोटो पुढे कुठे लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिने जावेच्या घरी भिंतीवर तो पाहिला होता, बहिणीच्या घरीही.

"काय रे," ती म्हणाली, "हार घालायला काढून राहिला का?"

बाजूच्या बायका हसल्या, मग हसायच्या थांबल्या. भुजंगने कॅमेरा डोळ्याला लावला. तिच्या नाकातली फुली स्पष्ट दिसत होती, आणि फुलीच्या बाजूला सकाळच्या हळदीचा एक ठिपका.

"न्हाई मावशी," तो म्हणाला. "नुसता उजेड बघून राहिलो. जरा हिकडं तोंड करा."