दोन बॅटऱ्यांचं गणित सुटलं

मंडळी, आज सकाळी माझी नात दर्शना रडकुंडीलाच आली. डिप्लोमाच्या इलेक्ट्रिकलमध्ये एकदा नापास झालीय, उद्या परत पेपर. गणितात बॅटऱ्या दोन. तिचं उत्तर साडेचार अँपिअर, पुस्तकात तीन.

"आजोबा, नियमानेच करतेय. एका वेळी एकच बॅटरी ठेवायची, मग दोन्ही उत्तरांची बेरीज करायची!"

मी सातवी शिकलोय, पण शेतावरच्या मोटारीच्या वायरी मीच जोडतो. वही बघितली. आकृतीत पुसलेल्या बॅटरीच्या जागी काहीच नाही, नुसती मोकळी फट.

"अगं, बॅटरी काढलीस, विजेचा रस्ता कशाला तोडलास? तिथे सरळ वायर जोड!"

जोडली. एकीचे दोन, दुसरीचा एक. झाले तीन!

पुढची पाच गणितं तिने सटासट सोडवली. मी मधे बोललो तर म्हणते, "गप बसा आजोबा, मला येतंय!"

तुमच्या घरी कोणाचं अडलंय? वही घेऊन आमच्या गावी, वेवजीला या.