थर्मासवाले सर

एप्रिलच्या उन्हात जालन्यातली माणसं पंख्याखाली जागा शोधत फिरत, आणि आमचे सर प्रयोगशाळेतला पंखा बंद करत. वर आम्हाला टेबलापासून लांब उभं करत. आमच्या अंगाची ऊब पाण्याला लागते म्हणे! टेबलावर चहाचा थर्मास, त्याच्या बुचातून आत गेलेला नाजूक थर्मामीटर आणि ब्युरेटची, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, चोच. एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडायचं आणि दर थेंबाला किती उष्णता निघते ते मोजायचं, एवढाच खेळ. कॉलेजात त्यांना सगळे थर्मासवाले सर म्हणत. तेही ते ऐकून हसत, अगदी मोठ्यानं.

प्रयोगापेक्षा त्याची तयारी मोठी. थेंब केवढा, दोन थेंबांमध्ये थांबायचं किती, ढवळायचं किती जोरात, वरचं द्रावण खालच्याहून किती पट दाट, हे ठरवण्यात त्यांचा आठवडा जाई. आम्ही कंटाळलो की म्हणत, "हा काय स्वैपाक हाय का, चव बघून मीठ टाकायला? सगळं आधी बराबर ठरवा. पारा स्थिर होऊ द्या, मंग थेंब सोडा."

पहिल्या थेंबाचा आकडा ते हिशेबात धरत नसत. चोचीच्या टोकाशी तो आधीच थोडा मिसळलेला असतो. "पहिला थेंब लबाड असतो," असं ते म्हणत, आणि हाच न्याय माणसांनाही लावत. तोंडी परीक्षेत घाबरून कुणी भलतंच बोललं, तर म्हणत, "हे सोडून दिलं. आता सांग."

सर परतूरहून रेल्वेने येत. तिथल्या कापसाच्या जिनिंगमधून सरकी आणायची, तिच्यातलं प्रथिन वेगळं करायचं आणि त्याला तांबं कसं चिकटतं ते थर्मासात मोजायचं, हा त्यांचा पीएच.डी.चा विषय. नोकरी सांभाळून कित्येक वर्षं ते काम चाललं होतं. शेवटच्या उन्हाळ्यात कॉलेजचे नळ आटले, शुद्ध पाणी करायचं यंत्र बंद पडलं. सरांनी बॅटरीच्या दुकानातून शुद्ध पाण्याचा कॅन आणला आणि त्यात तांब्याचं द्रावण केलं. आलेख असा सुरेख आला की त्यांनी आम्हाला पेढे दिले.

प्रबंध टाइप होऊन आला. तो पाठवायच्या आदल्या दिवशी त्यांनी कॅनमधलं उरलेलं नुसतं पाणी, तांबं न घालता, ब्युरेटमध्ये भरलं आणि थर्मासातल्या प्रथिनात सोडलं. सहज, सवयीनं. नुसत्या पाण्यानंच पारा चढला. कॅनमध्ये पूर्वी बॅटरीचं ॲसिड होतं. त्याचा अंश राहिला होता. मोजलेली बरीचशी उष्णता त्या ॲसिडची होती. तांब्याची त्यात होती का, आणि किती, हे आता कुणालाच सांगता येत नव्हतं.

प्राचार्य म्हणाले, "कोण बघायलंय सर? द्या पाठवून."

"मी बघितलं ना," सर म्हणाले, आणि प्रबंध पिशवीत घालून स्टेशनवर गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढं खरं कुणी असू नये, असं वाटलं. पुन्हा सगळं करायला त्यांच्यात उमेद उरली नव्हती. ते शिकवत राहिले, साधे अधिव्याख्याते म्हणून निवृत्त झाले. थर्मास त्यांनी घरी नेला.

पुढे मी हैदराबादला नोकरी धरली. तिथे हेच मोजणारं खरं यंत्र होतं. तापमान स्वतःच स्थिर ठेवायचं, सुईतून थेंब सोडायचं. सर गेल्याचं तिथेच कळलं. कामात मन लागेना. मग मी परतूरची सरकी मागवली, पाणी दहादा तपासलं आणि सरांनी ठरवलेल्याच प्रमाणात द्रावणं केली. उष्णता निघाली. थोडी, पण तांब्याचीच. तांबं चिकटताना उष्णता निघते, हा सरांचा अंदाज खरा होता.

आलेख घेऊन मी परतूरला सरांच्या घरी, त्यांच्या बायकोकडे, काकूंकडे गेले. सरांच्या फोटोला हार होता. मी काकूंना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी कागदावरून हात फिरवला.

"म्हंजी बरोबर होतं त्यांचं?"

"हो काकू. बिलकुल बरोबर."

त्यांनी कागदाची घडी करून तो फोटोखाली ठेवला. मग म्हणाल्या, "कॉलेजातनं तो प्रबंध घेऊन आल्ते, तवापासून हा माणूस घरात एकदाबी मोठ्यानं हसला न्हाई. बरोबर होतं, तर मंग त्या हसण्याचा जाब मी आता कुणाला विचारू, सांग पोरी?"