भेंडीच्या पाण्याचा संदर्भ

माझे वडील गुळव्या. मुरगूडजवळच्या गुऱ्हाळात काईलीपुढं उभं राहून, उकळत्या रसाचा फेस बघून रस कधी उतरवायचा हे सांगणारा माणूस. रसातली मळी काढायला ते भेंडीची खोडं ठेचून पाण्यात भिजवतात आणि ते बुळबुळीत पाणी रसात ओततात. मळी वर येते, गूळ पिवळाधमक होतो. पीएच.डी.ला मी हाच विषय घेतला.

समितीतले एक सर म्हणाले, "वडिलांनी सांगितलं, हा संदर्भ होत नाही. आणखी कुणी असा अभ्यास केला असेल तर दाखवा. आठ दिवसांत मिळालं नाही तर विषय बदला."

माझं डोकं सणकलं. तरी "हो सर" म्हणून बाहेर आले.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेव्हा नुकतेच नवे ऑनलाइन डेटाबेस आले होते. देशोदेशीचं संशोधन आता तिथल्या संगणकावर वाचता येत होतं. मी तीन दिवस ठाण मांडून बसले. कोल्हापूर, गूळ, भेंडी. कोल्हापूर, ऊस, मळी. हाती भोपळा. रडकुंडीला आले होते.

चौथ्या दिवशी ग्रंथपाल मॅडम मागं येऊन थांबल्या. "सारखं सारखं कोल्हापूर कशाला घालताय?"

"मग गूळ कुठला असतो?"

"बाकीच्या जगात काय गूळच करत न्हाईत व्हय? काढा की ते."

मला रागच आला. कोल्हापूर काढून गुळाचं उरतं काय? तरी काढलं, आणि पडदा भरून गेला. पार कोलंबियात गुऱ्हाळं होती. तिथले शेतकरी झाडाची साल भिजवून तसंच बुळबुळीत पाणी रसात ओतत होते. एका लेखात फोटो होता. काईलीपुढं एक माणूस उभा, एक हात कमरेवर, नजर फेसावर. थेट आमचे वडील. मी वाचनकक्षात मोठ्यानं हसले आणि सगळ्यांच्या शिव्या खाल्ल्या.

आठव्या दिवशी सरांपुढं कागदांचा गठ्ठा ठेवला. त्यांनी पानं उलटली, चष्मा पुसला, पुन्हा उलटली. "करा," म्हणाले. त्या दिवशी मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले.

यंदा माझा स्वतःचा लेख छापून आला. मॅडमनी कोल्हापूर काढायला लावल्याची गोष्ट सांगत वडिलांना मुद्दाम ग्रंथालयात घेऊन गेले, त्याच संगणकापुढं बसवलं. गूळ, भेंडी आणि यावेळी पुन्हा कोल्हापूर. एकच लेख आला.

"एकच हाय?"

"एकच. आपला."

"ह्यात भेंडी कुठं लिवलीया?"

मी शब्दावर बोट ठेवलं. त्याच पहिल्या पानावर, माहिती देणारा गुळव्या म्हणून त्यांचं नाव होतं. काईलीकडं बघतात तसे ते बराच वेळ पडद्याकडं बघत राहिले. मग मागं उभ्या असलेल्या मॅडमकडं वळून म्हणाले, "मॅडम, आता कोल्हापूर काढायचं न्हाय."