रेडिओ बंद असताना

शैलाच्या भावाचा फोन आला तेव्हा मिक्सरमध्ये वाटण फिरत होतं. "शैला गेली," एवढंच तो म्हणाला. मी मिक्सर बंद केला, मग पंखा, टीव्ही, मग काही कारण नसताना फ्रिजसुद्धा... घर गप्प झालं तेव्हा कळलं, हे मी तिच्यासारखंच करतेय.

भांडुपच्या चाळीत आमची दारं समोरासमोर, गावंही दोघींची मालवणकडची. ती वैमानिक झाली, पोरांना छोटी विमानं उडवायला शिकवायची. मी जिना उतरतानाही कठडा धरणारी बाई. "एकदा बस गं, मरत नाहीस," म्हणत तिने मला एकदा धुळ्याहून जुहूला येताना शेजारी बसवलंच. घाट ओलांडला आणि समोर लाल दिवा लागला. तिने एक बटण बंद करून परत चालू केलं, पुन्हा केलं. दिवा काही जाईना. मग हेडफोनमधून तिचा आवाज आला, "वीज तयार व्हायची थांबलीय. आता बॅटरीत आहे तेवढीच."

इंजिन बंद पडणार का, मी विचारलं. ती म्हणाली, इंजिनाला ही वीज लागत नाही, रेडिओला लागते; आणि पुढे मोठ्या विमानतळाच्या शेजारी, जेट विमानांच्या वाटेत न सांगता शिरलो तर वाट लागली. म्हणून रेडिओ एका निरोपापुरता राखायचा, बाकी सगळं बंद. आमचे हेडफोनसुद्धा.

मग नुसती इंजिनाची घरघर. शैला हाताच्या अंतरावर, पण तिचा आवाज नाही... त्यानेच मी जास्त घाबरले. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं बाप्ये घालतात, मी जन्मात कधी घातलं नव्हतं. तरी ओरडले, "बा देवा म्हाराजा, ह्या दोन लेकरांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा!" तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून ती माझे ओठ बघत असावी; मी थांबले की समोरून मान न वळवता तिचे ओठ हलायचे, "व्हय म्हाराजा." देवळात सगळा गाव मिळून जे म्हणतो, ते ती एकटी म्हणत होती. मी घालत राहिले, ती व्हय म्हणत राहिली.

पवईचं तळं दिसलं तसा तिने रेडिओ लावला आणि निरोप दिला. उत्तर आलं. खाली उतरल्यावर मी तिच्यावर चिडले, तुला मेली भीतीच कशी वाटत नाही म्हणून. तिने हात पुढे केला. थरथरत होता. "तू थांबलीस की मला व्हय म्हणायचं होतं," ती म्हणाली, "तेवढ्यावर आले मी."

शेवटच्या आजारपणात, हॉस्पिटलात तिने बोलणं बंद केलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, श्वास जपून वापरत होती. मला तीच जुनी भीती वाटली. मी तिचा हात धरून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि थांबले. मास्कच्या आत ओठ हलले.

आता संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की मी पंखा, टीव्ही सगळं बंद करते. गाऱ्हाण्याची एक ओळ म्हणते आणि थांबते, तुझ्या उत्तरापुरती. घर गप्प असतं. तेव्हा फार भीती वाटते गं, शैला.