चौथी पोचलीच पाहिजे

नागपूरहून साउथहॅम्प्टनला आलो तेव्हा मी तेरा वर्षांची होते. बाबांना तिथल्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली होती आणि घर मिळालं ते पार शहराच्या कडेला. शाळा चालत जाण्याइतकी जवळ, साधी, सगळ्यांना प्रवेश देणारी सरकारी कॉम्प्रिहेन्सिव्ह. जिमचं छत गळायचं, लायब्ररीतल्या खुर्च्या डुगडुगायच्या. पण धावण्याच्या बाबतीत तिचा तोरा काही औरच होता. हॉलबाहेरच्या भिंतीवर क्रॉस-कंट्री टीमचे फोटो ओळीने लावलेले. जुन्या फोटोंतल्या काही मुलींच्या नाती आता शाळेत होत्या. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, फायनलला आपल्या मुलींची टीम उतरली नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात तिघीचौघींनी ऐकवलं.

क्रॉस-कंट्री म्हणजे भर हिवाळ्यात शेतांतून, टेकड्यांवरून, चिखलातून धावायचं. मी त्यात गेले ते बोलावं लागू नये म्हणून. इंग्रजी मला येत होतं, पण तिथल्या मुलींचे उच्चार कळेपर्यंत गप्पा पुढे गेलेल्या असत. धावताना कुणी काही विचारत नाही.

आमच्या पीईच्या, म्हणजे खेळाच्या, मिस पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, त्याच शाळेत शिकलेल्या. पहिल्या महिन्यानंतर त्या मला म्हणाल्या, "तू स्लो आहेस. पण थांबत नाहीस. ते मला चालेल."

आईला मात्र हे अजिबात पसंत नव्हतं. "एवढ्या गारठ्यात हाफ पँटवर? छातीत कफ झाला म्हणजे?"

"धावू दे गं तिला," बाबा म्हणाले. "नाहीतर घरात बसून नुसती खिडकीबाहेर बघते."

जानेवारीत फायनलच्या आठवड्यात फ्लूची साथ आली आणि आमची निम्मी टीम अंथरुणाला खिळली. शुक्रवारी मिसनी मला बोलावलं. नियम असा होता की टीममधल्या चौघींचे नंबर मिळवून टीमचा निकाल लागतो. चौघी पोचल्या नाहीत तर टीम धरतच नाहीत.

"तिघी आहेत. चौथी तू. जिंकायचं नाहीये, पोचायचंय."

"आणि पोचले नाही तर?"

"पोचशील," एवढंच म्हणून त्या निघून गेल्या.

खिळ्यांचे बूट माझ्याकडे नव्हते. कॅप्टनने आपल्या बहिणीचे दिले, किंचित मोठे. आत दोन मोजे घातले. बाबांची ड्यूटी होती, म्हणून आई आमच्याबरोबर शाळेच्या मिनीबसमधून आली. सलवार-कमीजवर जाड कोट, पायांत बाबांचे गमबूट. मिसनी तिला शेजारी बसवलं. बऱ्याच वेळाने आईने तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, "मुली कुठे थांबतात? जास्त करून?"

"टेकडीवर. दुसऱ्या फेरीत," मिस म्हणाल्या. आईने मान डोलावली.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत एका फाटकापाशी घोट्याच्या वर चिखल होता. डावा पाय उचलला तो बुटाशिवायच वर आला. मी मागे वळून कोपरापर्यंत हात घातला. बूट लागेना. बाजूने मुली चाललेल्या, एक, आणखी एक. मी हात बाहेर काढला आणि तशीच निघाले. ओला मोजा फटफट वाजत होता. पुढची पायवाट खडीची होती. टाचेखाली काहीतरी कचकन घुसलं. टेकडीच्या पायथ्याशी मी चालायला लागले, आणि चालता चालता थांबण्याच्या बेतात आले.

"थांबू नकोस!"

वर, दोरीच्या पलीकडे, आई एकटी उभी होती. गुडघ्यापर्यंत चिखल.

"आई, बूट गेला!"

"गेला तर गेला! पायाकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ!"

"पाय कापलाय गं!"

"घरी गेल्यावर बघू! चल! चल म्हणते ना!"

मी शिंकले तरी गरम पाण्याची पिशवी घेऊन येणारी माझी आई. मला इतका राग आला की त्या रागातच मी धावायला लागले. आईही कोट सावरत दोरीच्या पलीकडून माझ्याबरोबर पळत सुटली. शर्यतीवर देखरेख करणारे, पिवळ्या जॅकेटमधले एक आजोबा आडवे आले, "मॅडम, प्लीज, बरोबर पळायला परवानगी नाही." ती जागच्या जागी थांबली. पण तिचा आवाज टेकडी उतरेपर्यंत माझ्या पाठीशी होता. "चल! चल! चल!"

माझ्यामागे फार कुणी उरलं नव्हतं. शेवटच्या रेषेपाशी आमच्या तिघी थरथरत उभ्या होत्या. मी रेषा ओलांडली आणि कॅप्टन ओरडली, "फोर! वी'व्ह गॉट फोर!" मिसनी आपला कोट काढून माझ्या अंगावर टाकला, माझ्या पायाकडे पाहिलं आणि तोंड फिरवून डोळे पुसले. निकालात आमची शाळा बरीच खाली होती. पण स्पीकरवर नाव पुकारलं गेलं तेव्हा आम्ही चौघी पहिल्या आल्यासारख्या ओरडलो.

संध्याकाळी बाबांनी चिमट्याने टाचेतली खडी काढली. आई टेबललॅम्प धरून उभी होती.

"एवढं लागलं होतं तर तू तिला थांबवलं का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"थांबवणार कशी?" आई म्हणाली. "चौथी होती ना ती."

जखम भरल्यावर आई मला दुकानात घेऊन गेली आणि अगदी मापाचे बूट घेऊन दिले. शाळा सोडेपर्यंत मी टीममध्ये धावले. पहिल्या दहांत कधीच आले नाही. आई दर शर्यतीला यायची, येण्याआधी मिसना चढ कुठे आहे ते विचारून घ्यायची आणि तिथे जाऊन उभी राहायची. पुढे पुढे ती सगळ्याच मुलींसाठी ओरडायला लागली. शेवटच्या वर्षी आमच्या कॅप्टननेही वळणावरून एका नवख्या मुलीला हाक दिली, तीही चक्क मराठीत, "चल! चल!"